लाल दिव्यावर तुमच्या लोकांचा विश्वास उरलाय का, ते आधी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: कंपनीत साठेक टीम, सुमारे आठशे डेव्हलपर. प्रत्येक टीमचा स्वतःचा जेन्किन्स (कोड बांधून टेस्ट चालवणारा, म्हणजे ‘बिल्ड’ करणारा सर्व्हर), कुणाचा टेबलाखालच्या मशीनवर तर कुणाचा क्लाउडमध्ये. आता वरून हुकूम आलाय की सहा महिन्यांत सगळ्यांसाठी एकच सीआय (कंटिन्युअस इंटिग्रेशन) यंत्रणा उभी करा, म्हणजे प्रत्येक बदल आपोआप तपासून हिरवा किंवा लाल निकाल देणारी. टूल कोणतं घ्यावं आणि सुरुवात कुठून करावी?

टूलचं उत्तर लगेच देऊन टाकतो, कारण त्यात फार काही नाही. कोड जिथे ठेवताय तिथलीच सीआय घ्या. गिटलॅबवर असाल तर गिटलॅब सीआय, गिटहबवर असाल तर ॲक्शन्स. परवानग्या, रिव्ह्यू आणि बिल्डचा निकाल एकाच जागी दिसतो, एवढं कारण पुरे. सगळा कोड एकाच अवाढव्य रिपॉझिटरीत (कोडच्या कोठारात) असेल तर मात्र वेगळा विचार करावा लागतो. बाकीच्यांनी या निवडीवर दोन आठवड्यांपेक्षा जास्त वेळ घालवू नये. मी अशी तीन स्थलांतरं केली आहेत. तिन्ही वेळा टूल वेगळं होतं आणि रडगाणं तेच.

सुरुवातीचं म्हणाल तर, टूलच्या आधी एक काम करा. गेल्या महिन्याभराचा गिटचा (कोडमधले बदल नोंदणाऱ्या साधनाचा) इतिहास काढा आणि त्यातले रिकामे कमिट (बदलांच्या नोंदी) मोजा, म्हणजे ज्यांत एकही ओळ बदललेली नाही, बिल्ड पुन्हा चालावा एवढ्यासाठीच केलेले. एका ठिकाणी मी ते काढले तेव्हा एका ब्रांचवरचे (मुख्य कोडपासून वेगळ्या प्रतीवरचे) संदेश ओळीने असे होते: ‘सीआय पुन्हा’, ‘पुन्हा’, ‘आता तरी’, आणि शेवटी नुसतं एक टिंब. चौथ्या खेपेला बिल्ड हिरवा झाला आणि बदल मुख्य कोडमध्ये मर्ज झाला, म्हणजे मिसळला गेला. मी त्या मुलाला विचारलं, लॉग (बिल्डची नोंद) पाहिला होतास का? नव्हता पाहिला. त्याला दोष द्यावा असंही मला वाटलं नाही. आधी त्याने दहा वेळा लॉग उघडला होता आणि दहाही वेळा चूक त्याची निघाली नव्हती.

लाल दिसल्यावर ‘मी काय मोडलं?’ असं मनात येण्याऐवजी ‘सर्व्हरला काहीतरी झालं असेल’ असं येऊ लागलं की तिथली सीआय संपली. मशीन चालू असतात, बिल येत असतं, पण त्या निकालाला कुणी विचारत नाही. साठ जेन्किन्सचा एक मोठा सर्व्हर केलात आणि ही सवय तशीच राहिली, तर तुम्ही साठ छोटे अविश्वास एकत्र करून एक मोठा अविश्वास उभा केलात एवढंच.

म्हणून पहिला शत्रू फ्लेकी टेस्ट. तोच कोड, तीच टेस्ट, एकदा पास आणि एकदा फेल. ही फक्त ढिसाळ टीमची गोष्ट नाही. गुगलने २०१६ मध्ये स्वतःचे आकडे मांडले होते: त्यांच्या जवळपास १६ टक्के टेस्टमध्ये कमी-जास्त फ्लेकीपणा होता, आणि पासवरून फेलवर गेलेल्या निकालांपैकी ८४ टक्क्यांमध्ये कुठली ना कुठली फ्लेकी टेस्ट गुंतलेली होती. म्हणजे नव्याने लाल झालेल्या बहुतेक निकालांत खरा बिघाड नव्हताच.

लहान टीमला हे जाणवत नाही, मोठ्या संस्थेत जाणवतं, आणि त्याचं कारण साधं गणित आहे. समजा एखादी टेस्ट हजारात एकदाच विनाकारण फेल होते. एवढं तर चालायचंच, असं कुणीही म्हणेल. पण अशा १००० टेस्ट एका बिल्डमध्ये असतील तर सगळ्या एकदम पास होण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के उरते. कोड निर्दोष असूनही दर तीनपैकी जवळजवळ दोन बिल्ड लाल! प्रत्येक टेस्ट लिहिणाऱ्याने आपापलं काम ९९.९ टक्के चोख केलेलं असतं.

यावर सगळ्यांना आधी सुचणारा उपाय म्हणजे फेल झाली की आपोआप पुन्हा चालवा. मीही तो केला आणि त्याने हात पोळून घेतले. एका टीमची एक टेस्ट अधूनमधून फेल व्हायची आणि दुसऱ्या खेपेला पास व्हायची. रिट्राय चालू असल्यामुळे कुणाला दिसतच नव्हतं. टेस्टमध्ये काही खोट नव्हती. दोन थ्रेड (प्रोग्रामची समांतर चालणारी कामं) एकाच वेळी आले की ऑर्डर दोनदा नोंदली जायची, आणि टेस्ट बिचारी दर काही दिवसांनी तेच ओरडून सांगत होती. ग्राहकांच्या खात्यात दुहेरी ऑर्डर दिसू लागल्या तेव्हा आम्ही मागे जाऊन पाहिलं, तर तीन महिन्यांचे पुरावे लॉगमध्ये पडून होते. तेव्हापासून माझा नियम: रिट्राय एकदाच, आणि प्रत्येक रिट्रायची नोंद टेस्टच्या नावासकट डेटाबेसमध्ये. एकाच कमिटवर एकाच टेस्टचे दोन वेगळे निकाल आले की ती फ्लेकी, यात चर्चा नाही. ती आपोआप बाजूला काढायची. चालत राहील पण मर्ज अडवणार नाही. तिच्या मालक टीमच्या नावाने तिकीट, मुदत दोन आठवडे. तेवढ्यात दुरुस्त झाली नाही तर डिलीट. या डिलीटवर दर वेळी भांडण होतं. होऊ द्या. जिच्याकडे कुणी लक्ष देत नाही ती टेस्ट असून नसल्यासारखीच असते.

काही फ्लेकी टेस्ट तर कॅलेंडर बघून फेल होतात. आमच्याकडे एक होती, ती एरवी सरळ चालायची आणि ३० जानेवारीला पडायची. आजच्या तारखेत एक महिना मिळवून ‘तारीख तीच यायला हवी’ असं तपासत होती. फेब्रुवारीत ३० तारीख येणार कुठून? ३१ तारीख आली की मार्चमध्येही पडायची, मे महिन्यातही. दर वेळी कुणीतरी ती पुन्हा चालवायचं, नवा महिना लागला की पास व्हायची आणि विषय संपायचा.

दुसरी गोष्ट, लाल रंगाचे दोन रंग करा. कोड फेल झाला आणि यंत्रणा फेल झाली हे डेव्हलपरला एका नजरेत वेगळं दिसलं पाहिजे. रनर (बिल्ड चालवणारं मशीन) मेला, नेटवर्क तुटलं, पॅकेज डाउनलोड झालं नाही, ही लाल माझ्या, म्हणजे सीआय सांभाळणाऱ्या टीमची. तिथे राखाडी खूण आणि ‘तुम्ही काही करू नका, आम्ही बघतोय’ असा संदेश. हे वेगळं करणं वाटतं तितकं सोपं नाही. एकदा सकाळी निम्म्या रनरवरचे बिल्ड ‘डिस्कवर जागा नाही’ म्हणत पडायला लागले. जाऊन पाहिलं तर डिस्क ४० टक्के रिकामी. अर्धा तास आम्ही एकमेकांची तोंडं बघत बसलो. शेवटी कळलं की जागा होती, आयनोड (प्रत्येक फाइलमागे डिस्कवर लागणारी एक नोंद) संपले होते. जावास्क्रिप्टच्या प्रकल्पांचे नोड मॉड्यूल्सचे फोल्डर, त्यातल्या लाखो चिमुकल्या फायली, आणि जुनी वर्कस्पेस कुणी साफ केलेली नाहीत. मधल्या दोन तासांत काही डेव्हलपर आपल्याच कोडमध्ये चूक शोधत बसले होते. त्या दिवसापासून आम्ही रनर एका बिल्डपुरताच जिवंत ठेवतो. काम झालं की मशीन फेकून द्यायचं, नवीन उभं करायचं. याची किंमत कॅशेत (आधी उतरवून ठेवलेल्या फायलींच्या साठ्यात) मोजावी लागते, कारण प्रत्येक रनर कोऱ्या पाटीने येतो आणि सगळं डाउनलोड करत बसतो. म्हणून कॅशे रनरच्या बाहेर, पण त्यांच्याच नेटवर्कमध्ये ठेवा.

एकत्र येताना हमखास बसणारा एक फटका इथेच सांगतो. २०२० च्या शेवटी डॉकर हबने (तयार इमेज, म्हणजे प्रोग्राम चालवायला लागणारे गठ्ठे, पुरवणाऱ्या साइटने) बंधन घातलं: लॉगिन न केलेल्याला एका आयपीवरून सहा तासांत १०० इमेज. ही मर्यादा पुढे बदलत गेली असली तरी तत्त्व तेच. साठ टीम विखुरलेल्या असताना कुणाला ही मर्यादा लागत नाही. सगळ्यांचे रनर एकाच नेटवर्कमधून, एकाच बाहेरच्या आयपीवरून जायला लागले की सकाळी साडेदहाला सगळ्यांचे बिल्ड एकदम बंद. बाहेरून येणारी प्रत्येक गोष्ट, मग ती इमेज असो, एनपीएमचं (जावास्क्रिप्टचं) पॅकेज असो की मेव्हनचं (जावाचं), स्वतःच्या मिररमधूनच (आपल्याकडे ठेवलेल्या प्रतीतूनच) आली पाहिजे. हे पहिल्या टीमला हलवायच्या आधी करा.

आता मर्जकडे येतो. कंटिन्युअस इंटिग्रेशन हा शब्द संगणकतज्ज्ञ ग्रेडी बूचने १९९१ मध्ये वापरला आणि नव्वदीच्या शेवटी एक्स्ट्रीम प्रोग्रामिंग या कार्यपद्धतीवाल्यांनी त्याची सवय केली: सगळ्यांनी आपापलं काम दिवसातून निदान एकदा मुख्य कोडमध्ये आणून मिसळायचं. बिल्ड सर्व्हर मागाहून आला; क्रूझकंट्रोल २००१ चा. आज लोक सर्व्हरलाच सीआय म्हणतात. तीन आठवडे एकटी पडलेली ब्रांच रोज हिरवी होते आणि तिच्या मालकाला वाटतं आपण सीआय करतोय. ती ब्रांच ज्या दिवशी मर्ज होते त्या दिवशी बाकीच्यांचा दिवस वाया जातो.

पण ब्रांच लहान ठेवल्या तरी एक भोक राहतंच. तुम्ही एका फंक्शनचं नाव बदललंत आणि सगळ्या जुन्या जागा दुरुस्त केल्यात. बिल्ड हिरवा. त्याच वेळी दुसऱ्या कुणी जुन्या नावाने एक नवीन कॉल लिहिला. त्याचाही हिरवा. गिटला दोन्हींत काही झगडा दिसत नाही, दोन्ही मर्ज होतात, आणि मेन ब्रांच (मुख्य कोड) कंपाइलच होत नाही. दोघांनीही काही चुकीचं केलेलं नाही. पाच जणांच्या टीममध्ये हे वर्षातून दोनदा होईल. एका रिपॉझिटरीत दोनशे माणसं असतील तर दर आठवड्याला ठरलेलं.

यावरचा उपाय आता बऱ्यापैकी रुळलाय: मर्ज क्यू. बदल थेट मेनमध्ये जात नाही, रांगेत उभा राहतो. यंत्रणा त्याला त्या क्षणाच्या मेनवर, पुढच्या सगळ्यांसकट मिसळून तपासते आणि हिरवा निघाला तरच आत घेते. रस्ट भाषेच्या प्रकल्पात ग्रेडन होअरने यासाठी बॉर्स नावाचा बॉट लिहिला, ओपनस्टॅक या क्लाउड प्रकल्पाच्या लोकांनी झूल बनवलं, उबरने २०१९ मध्ये आपल्या सबमिट क्यूबद्दल सविस्तर लिहिलं, आणि २०२३ पासून गिटहबमध्येही ही सोय अधिकृतपणे आहे.

रांग लावण्याआधी मात्र भागाकार करा. तपासणीला ३० मिनिटं लागत असतील आणि बदल एकामागून एक घेतले, तर चोवीस तासांत ४८. बस. दोनशे माणसांची रिपॉझिटरी एवढ्यात भागत नाही. मग पुढचे सगळे पास होतील असं गृहीत धरून समांतर चालवायचं: पहिला एकटा, दुसरा पहिल्यासकट, तिसरा पहिल्या दोघांसकट. सगळे पास झाले तर अर्ध्या तासात दहा बदल आत. पण रांगेतला दुसरा फेल झाला की त्याच्या मागच्या आठांचं काम फुकट. त्याला बाहेर काढून आठही पुन्हा पहिल्यापासून. आता यात फ्लेकी टेस्ट घाला आणि बघा काय होतं ते. विनाकारण पडलेला एक बदल आठ निर्दोष लोकांचा अर्धा तास खातो, आणि त्या अर्ध्या तासात रांगेत आणखी दहा जण येऊन उभे राहतात. एका ठिकाणी मी उलट क्रमाने गेलो, रांग आधी आणि फ्लेकीचं नंतर बघू म्हटलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी रांगेत ७० बदल तुंबले होते आणि मला ती हाताने बंद करावी लागली. त्यानंतर ‘रांग’ हा शब्द त्या कंपनीत सहा महिने काढता येत नव्हता.

तुमच्या साठ टीमच्या वेगवेगळ्या रिपॉझिटरी असतील तर सगळ्यांना मर्ज क्यू लागणारही नाही. दिवसाला पंधरा-वीसपेक्षा जास्त मर्ज होतात अशा चार-पाच शोधा, तिथेच लावा.

वेळेबद्दल. सरासरी बिल्ड किती मिनिटांचा, हा आकडा मला कुणी दाखवला की मी तो बाजूला ठेवतो. बटण दाबल्यापासून निकाल येईपर्यंतचा वेळ मोजा, रांगेत थांबलेला धरून, आणि दहातल्या सगळ्यात कमनशिबी माणसाला किती लागतो ते बघा. वित्त विभाग एक ना एक दिवस विचारणार की रनर ६० टक्केच वापरात आहेत, मग कमी का करत नाही? त्यांच्यासाठी हे गणित जवळ ठेवा. एकाच रनरची साधी रांग घेतली तर ८० टक्के वापरावर सरासरी थांबणं एका बिल्डच्या वेळेच्या ४ पट असतं, ९० टक्क्यांवर ९ पट आणि ९५ टक्क्यांवर १९ पट. रनर जास्त असले की आकडे खाली येतात, पण शेवटी रेघ अशीच ताडकन वर जाते. शिवाय डेव्हलपर दिवसभर सारखे काम पाठवत नाहीत. जेवणाआधी आणि घरी जायच्या आधी झुंबड उडते.

यात फुकटातला फायदा एकच आहे आणि निम्मे लोक तो घेत नाहीत: त्याच ब्रांचवर नवीन कमिट आला की जुना चालू बिल्ड रद्द करा. एका सेटिंगचं काम. आम्ही केलं त्या आठवड्यात रांग डोळ्यांना दिसेल इतकी ओसरली.

टीमचं स्वातंत्र्य हा भाग मला सगळ्यात अवघड जातो, कारण इथे तांत्रिक उत्तर नाही. मध्यवर्ती टीमने सामायिक टेम्प्लेट बनवावे, साठ टीमनी वापरावे, हे ठीक. पण मी एकदा भर दुपारी त्या टेम्प्लेटमध्ये लिंटची (कोडची शैली तपासण्याची) एक निरुपद्रवी पायरी घातली आणि सगळे जण ‘ताजी आवृत्ती’ वापरत असल्याने दीडशेच्या वर पाइपलाइन (बिल्डच्या पायऱ्यांच्या साखळ्या) एकदम लाल झाल्या. त्यात एक टीम रिलीजच्या मधोमध होती. त्यांच्या मॅनेजरने मला फोनवर जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. टेम्प्लेटला आवृत्ती क्रमांक द्या. बदल आधी स्वतःच्या टीमवर, मग राजी असलेल्या पाच टीमवर, मग आठवड्याने सगळ्यांवर. आणि यॅमलमध्ये (पाइपलाइनच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) अक्कल भरू नका. बिल्डची खरी कामं स्क्रिप्टमध्ये किंवा मेकफाइलमध्ये ठेवा, जी डेव्हलपरच्या लॅपटॉपवरही तशीच चालेल. पाइपलाइनने फक्त तिला हाक मारावी. लाल का झालं ते घरी बसून शोधता येतं, आणि पुढच्या वेळी टूल बदलायची पाळी आली तर अर्ध्याहून जास्त काम आधीच झालेलं असतं. ती पाळी येतेच.

एकत्र येण्याने वाढणारा एक धोका मॅनेजमेंटच्या सादरीकरणात कधीच नसतो. आज साठ जेन्किन्समध्ये साठ घरांच्या किल्ल्या आहेत. उद्या एकाच खुंटीवर सगळ्या. सोलरविंड्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रकरणात, जे २०२० च्या डिसेंबरमध्ये उघड झालं, हल्लेखोर बिल्ड यंत्रणेतच घुसले होते आणि सहीशिक्क्यासकट विषारी अपडेट ग्राहकांकडे गेलं. जानेवारी २०२३ मध्ये सीआय सेवा देणाऱ्या सर्कलसीआयने आपल्या सगळ्या ग्राहकांना साठवलेली सिक्रेट्स (पासवर्ड, टोकन वगैरे) बदलायला सांगितली. सुरुवात एका इंजिनिअरच्या लॅपटॉपवरच्या मालवेअरने झाली होती. मार्च २०२५ मध्ये टीजे-ॲक्शन्सच्या ‘चेंज्ड-फाइल्स’ या ॲक्शनचे (पाइपलाइनमध्ये जोडायच्या तयार पायरीचे) जुने टॅग, म्हणजे आवृत्त्यांची नावं, कुणीतरी दुष्ट कमिटकडे वळवले; २३,००० हून अधिक रिपॉझिटरी ती वापरत होत्या आणि सिक्रेट्स लॉगमध्ये छापली गेली. ज्यांनी टॅगऐवजी कमिटचा पूर्ण हॅश (न बदलणारा ओळख क्रमांक) आधीच लिहून ठेवला होता ते वाचले. तेव्हा बाहेरची प्रत्येक ॲक्शन हॅशने बांधा. क्लाउडचे कायमचे पासवर्ड सीआयमध्ये ठेवूच नका, ओआयडीसीने (ओळख पटवून तात्पुरता प्रवेश देणाऱ्या पद्धतीने) काही मिनिटांपुरतं टोकन घ्या. आणि रिव्ह्यू न झालेला कोड ज्या रनरवर चालतो, त्या रनरवरून प्रॉडक्शनला (ग्राहक वापरतात त्या खऱ्या यंत्रणेवर) डिप्लॉय कधीही नको.

राहिले सहा महिने. पहिला महिना फक्त मोजदाद करा. जेन्किन्सवर जे चालतं त्यातलं बरंचसं सीआय नसतंच. मला त्यात डेटाबेसचा बॅकअप सापडलाय, सर्टिफिकेट नूतनीकरण सापडलंय, आणि नोकरी सोडून गेलेल्या माणसाने लावलेला एक जॉब, जो दर सोमवारी विक्रीचा अहवाल ईमेलने पाठवायचा. तो बंद केल्यावरच कळलं की एक संचालक तो खरंच वाचत होते. अशा कामांना वेगळं घर शोधा, त्यांना नव्या सीआयमध्ये ओढू नका. मग दोन टीम घ्या: एक तुमच्यावर खूश असलेली आणि एक सगळ्यात कुरकुर करणारी. दुसरीचं काम झालं की बाकीच्या टीम आपणहून विचारायला येतात.

पन्नासेक टीम सहा महिन्यांत येतील. उरलेल्या दहांमध्ये कुणाचा एकाच जुन्या मशीनवर चालणारा कंपायलर असेल, कुणाचं लायसन्स यूएसबीच्या डोंगलवर असेल. त्यांना आणखी सहा महिने लागतील, आणि ते वरच्यांना आजच सांगून ठेवा. जुने सर्व्हर बंद केल्यावरही निदान वर्षभर फक्त वाचण्यापुरते जिवंत ठेवा, कारण जुन्या रिलीजमध्ये बग निघाला की ‘तेव्हा नेमका कुठला कंपायलर वापरला होता?’ असं विचारत कुणीतरी येतंच, आणि ते फक्त त्या जुन्या लॉगमध्ये लिहिलेलं असतं.